बाजाराच्या आदल्या रात्रीचा स्वयंपाक: घरच्या डब्यांतून गोळाभात, कढी आणि ठेचा

आमच्या गावाजवळ भाजीचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, बुधवारी. गुरुवार-शुक्रवारी टोपली भरलेली असते. मंगळवारची रात्र आली की तिच्यात दोन कांदे, लसणाचा एखादा गड्डा आणि सुकत चाललेल्या चार मिरच्या एवढंच राहतं. घरात पाच माणसं जेवणारी, आणि भाजी नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन वेचणीच्या दिवसांत आई न्हाणीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. बायको सकाळी कापूस वेचायला जायची ती दिवेलागणीलाच परत यायची, बोंडांच्या टोकांनी बोटं खरचटलेली. संध्याकाळी चारनंतर घरात हात चालणारा माणूस मी एकटाच. तोवर चहापलीकडे मी चुलीजवळ गेलो नव्हतो. पहिल्या दिवशी मी आईला विचारलं, दुकानातून काय काय आणू? ती खाटेवरूनच म्हणाली, "दुकानात कायले जातं? पहिले घरचे डबे पाह्य, मंग सांग काय हाय ते."

त्या दीड महिन्यात आईने सांगायचं आणि मी करायचं, असं करत मी स्वयंपाक शिकलो. सगळ्यात आधी हाताला बसला तो गोळाभात, म्हणजे चण्याच्या डाळीचे गोळे वर ठेवून वाफवलेला भात. नवख्या माणसाने सुरुवात यानेच करावी असं माझं ठाम मत आहे. भाकर थापायला हात बसावा लागतो, त्यात पंधरा दिवस जातात. पोळ्या लाटायच्या तर पाच माणसांच्या वीस होतात. गोळाभाताला एक गंज (उभट पातेलं) लागतो, भाजी लागत नाही, आणि जे लागतं ते वऱ्हाडात काय किंवा झाडीपट्टीत काय, बहुतेक घरांत असतंच. आई सांगायची ती मापं सगळी अंदाजाची होती. ती मी वाटी-चमच्याने मोजून वहीत लिहून ठेवली, तीच इथे देतो आहे.

काय काय लागेल

माप पाच जणांचं आहे. वाटी म्हणजे आमटीची मध्यम वाटी, जिच्यात साधारण 150 ग्रॅम तांदूळ मावतो. चमचा म्हणजे पोहे खायचा. वाटी थोडी लहानमोठी असली तरी बिघडत नाही, फक्त तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजा.

- तांदूळ 3 वाट्या
- चण्याच्या डाळीचा भरडा किंवा जाडसर बेसन दीड वाटी, आणि कढीसाठी 2 चमचे बेसन वेगळं
- आंबट ताक 4 वाट्या (किंवा दीड वाटी दही घुसळून)
- तेल साधारण एक वाटी, सगळं मिळून
- तिखट, हळद, मीठ, हिंग, मोहरी, जिरं, ओवा, थोडे मेथीदाणे, गुळाचा लहान खडा
- लसणाचा एक मोठा गड्डा, कांदे 2
- वाळलेल्या लाल मिरच्या 12 ते 15
- शेंगदाणे अर्धी वाटी
- सांबार (कोथिंबीर) आणि गोडनिंब (कढीपत्ता) असले तर उत्तम. नसले तरी अडत नाही.

भांड्यांत जाड बुडाचा गंज आणि त्यावर घट्ट बसणारं ताट, कढीला एक पातेलं, फोडणीला लहान कढई किंवा पळी, एक परात, आणि खलबत्ता किंवा पाटा. कुकर नको. कुकरमध्ये गोळे कधी फुटले ते कळत नाही.

वेळ सव्वा तास धरा. सरावाने पाऊण तासावर येतो.

1. आधी डबे उघडा, वास घ्या

ही पायरी मी पहिल्यांदा सोडली होती आणि त्या रात्रीचे गोळे सगळे फेकावे लागले. बेसन जुनं होतं. बेसनात थोडं तेल असतं, ते उन्हाळ्यात खवट होतं. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या डब्यातलं बेसन महिन्या-दीड महिन्यात बिघडलेलं मी पाहिलं आहे. चिमूटभर बेसन तळहातावर चोळा आणि नाकाजवळ न्या. भाजल्या डाळीसारखा गोडसर वास आला पाहिजे. तेलकट, रंगासारखा वास आला की जिभेच्या टोकावर ठेवून बघा. कडू लागलं तर ते बेसन वापरू नका, मसाल्याने तो कडवटपणा झाकला जात नाही. जाळं किंवा किडे दिसले तर चाळून चालवून घेऊ नका.

तिखट आणि हळद यांचाही अंदाज आधीच घ्या. घरचं तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर ते बाजारच्या पाकिटापेक्षा जहाल असतं, माझ्या मापाच्या निम्म्याने सुरुवात करा. हळद समुद्रपूरकडची, वायगावची असेल तर रंग फार लवकर चढतो, तीही कमी घ्या. आमच्याकडे वायगावचीच असते. पहिल्यांदा मी एक चमचा भरून टाकली तेव्हा भाताला औषधासारखी चव आली होती.

2. तांदूळ ओळखा, मग धुवा

पाणी किती घालायचं हे तांदूळ कोणता आहे त्यावर ठरतं. सगळ्यांचा पहिला भात फसतो तो इथेच.

दिवाळीनंतर आलेला नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि लवकर चिकटतो. त्याला 3 वाट्यांना साडेसहा वाट्या पाणी पुरतं. वर्षभर मुरलेल्या जुन्याला साडेसात वाट्या लागतात. आमच्याकडे चंद्रपूरच्या नातेवाइकांकडून एचएमटी येतो. हा बारीक तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून निवडून तयार केला आणि त्याला घड्याळाचं नाव पडलं. 2018 साली ते गेले. लहानशा शेतकऱ्याने एक एक लोंबी राखून काढलेलं हे वाण आज किती घरांत शिजतं, हे मला तांदूळ निवडताना नेहमी आठवतं. गोळाभाताला तो फार छान, फक्त जास्त शिजवला तर गोळ्यांच्या वजनाखाली त्याचा लगदा होतो.

रेशनचा तांदूळ असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. धुताना त्यात काही दाणे वेगळे दिसू शकतात, जरा पिवळट किंवा फार पांढरे, कधी पाण्यावर तरंगणारे. गावात अजूनही लोक त्याला प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात आणि निवडून फेकतात. तो प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून ते दाणे बनवतात आणि साधारण 100 दाण्यांमागे 1 असे तांदळात घालतात. घरात पोरीबाळी, गरोदर बाई असेल तर तिच्यासाठीच ते आहेत. माझी बायकोही आधी ते वेचून कोंबड्यांना घालायची. आता तसं करत नाही. असा तांदूळ दोनदाच हलक्या हाताने धुवा, तरंगणारे दाणे पाण्याबरोबर ओतून देऊ नका.

धुतलेला तांदूळ चाळणीत निथळत ठेवा. वीस मिनिटं पुरे.

3. गोळे

सगळा जीव इथे आहे, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

परातीत दीड वाटी भरडा घ्या. भरडा म्हणजे चण्याची डाळ जात्यावर किंवा गिरणीत रवाळ दळून आणलेली. घरात फक्त बारीक बेसन असेल तर त्यात दोन-तीन चमचे रवा किंवा ज्वारीचं पीठ मिसळा. नुसत्या बारीक बेसनाचे गोळे आतून घट्ट, चिकट होतात आणि घास घशात अडकतो.

त्यात दीड चमचा तिखट, पाव चमचा हळद, एक चमचा मीठ, हातावर चुरडलेला अर्धा चमचा ओवा, तेवढंच जिरं, दोन चिमटी हिंग घाला. एक कांदा अगदी बारीक चिरून. सांबार असेल तर मूठभर. ओवा टाळू नका, रात्रीच्या जेवणात चण्याची डाळ पोटाला जड जाते.

आता तीन चमचे तेल कडकडीत तापवून या मिश्रणावर ओता. चर्र आवाज आला पाहिजे. हे मोहन. याने गोळा आतून खुसखुशीत राहतो. आधी चमच्याने हलवा, मग हात घाला. मी घाईत थेट हात घातला होता, बोटं भाजली.

तेल सगळीकडे लागलं का ते बघायला मूठ वळा. मुठीचा आकार राहिला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, तर मोहन बरोबर.

मग पाणी. एकेक चमचा शिंपडत जा. कांद्यालाही पाणी सुटतं हे लक्षात ठेवा. मला साधारण आठ-दहा चमचे लागतात, तुमच्या भरड्याला कमी-जास्त लागेल. मळायचं नाही, नुसतं ओलं करून गोळा करायचं. पोळीच्या कणकेसारखं मळलं की झालं, गोळे दगड होतात.

लहान लिंबाएवढे गोळे वळा, पंधरा होतात, माणशी तीन. हाताला थोडं तेल लावा. दाबायचं किती, हे आईने मला तिच्या डाव्या हातात गोळा घेऊन दाखवलं. तळहातावर ठेवून चार बोटं नुसती मिटली, उघडली, गोळा थोडा फिरवला, पुन्हा मिटली. तीन वेळा. वरून थोडा खडबडीत, कांद्याचा एखादा तुकडा बाहेर आलेला, असा तो दिसत होता. मी वळलेले गोळे गुळगुळीत होते, गोट्यांसारखे. तिने त्यातला एक उचलला आणि म्हणाली, "येवढा दाबशीन त वाफ कुठून जाईन आत?" तेव्हापासून मी गोळा गुळगुळीत होऊ देत नाही.

घरात लहान मूल असेल तर थोडं मिश्रण तिखट घालायच्या आधीच बाजूला काढा आणि त्याचे गोळे चपटे करा. शिजल्यावर सगळे पिवळेच दिसतात, चपटा दिसला की तो पोरीचा, एवढी खूण पुरते.

4. आंधण आणि भात

गंजात दोन चमचे तेल, मोहरी, चार-पाच ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, चिमूटभर हळद. लसूण लाल व्हायच्या आत मोजलेलं पाणी आणि दीड चमचा मीठ घाला. हे आंधण. त्यातलं वाटीभर उकळतं पाणी बाजूला काढून ठेवा, पुढे लागेल.

आंधण खळखळून उकळल्याशिवाय तांदूळ सोडायचा नाही. कोमट पाण्यात सोडला तर तो बसतो आणि खाली लागतो. सोडला की एकदा उलथण्याने खालून हलवा, आणि मग हात आवरा.

5. गोळे सोडायची वेळ

मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटांनी पाणी आटत तांदळाच्या बरोबरीला येतं. वर लहान लहान भोकं पडतात आणि त्यातून बुडबुडे येतात. दाणा बोटात दाबला तर बाहेरून मऊ आणि मधे पांढरा कण राहिलेला असतो. गोळे आता सोडायचे.

लवकर सोडले तर पाणी जास्त असतं, गोळे विरघळतात आणि बेसनाची खिचडी होते. उशिरा सोडले तर वाफेला पाणी उरत नाही आणि गोळे कच्चे राहतात. या दोन चुकांपैकी उशीर बरा, कारण बाजूला काढलेलं वाटीभर आंधण कडेकडेने सोडून तो निस्तरता येतो. विरघळलेला गोळा परत येत नाही.

गोळे एकेक करून भातावर ठेवा, अर्धे रुतू द्या, एकावर एक नको. आता गंजावर ताट ठेवा आणि त्या ताटात पाणी ओता. त्याने वाफ आतच राहते. गंजाखाली तवा सारा, आच अगदी मंद करा. चुलीवर करत असाल तर लाकडं बाहेर ओढून नुसत्या इंगळांवर ठेवा. चुलीवरचा गोळाभात गॅसवरच्यापेक्षा चवीला चांगला, पण नवख्याने आधी गॅसवर हात बसवावा.

पंधरा मिनिटं ताट उचलू नका. मला दर दोन मिनिटांनी उघडून बघायची सवय होती, प्रत्येक वेळी वाफ जायची आणि गोळे अर्धे कच्चे निघायचे.

6. तेवढ्या वेळात ठेचा

भिवापुरी असतील तर पाच, साध्या असतील तर आठ वाळलेल्या मिरच्या तव्यावर थेंबभर तेलात परता. रंग बदलला की काढा, काळ्या झाल्या की कडू लागतात आणि घरभर खाट (ठसका) उठते. शेंगदाणे भाजून सालं काढा. आठ-दहा लसूण पाकळ्या आणि मीठ घालून सगळं खलबत्त्यात कुटा, शेंगदाणे शेवटी, ते अर्धे-मुर्धे राहिले पाहिजेत. मिक्सरमध्ये केलं तर त्याची चटणी होते, ठेचा होत नाही. दिवे गेले असतील तर तसाही खलबत्ताच लागतो.

मिरचीचा हात डोळ्याला लावू नका. आधी तेल चोळून मग साबणाने धुवा.

7. कढी

ताकात दोन चमचे बेसन, पाव चमच्याहून कमी हळद, गुळाचा सुपारीएवढा खडा घालून रवीने घुसळा. एकही गुठळी राहू नये. दुसऱ्या शेगडीवर पातेल्यात चमचाभर तूप किंवा तेल, जिरं, पाच-सहा मेथीदाणे, गोडनिंब, ठेचलेला लसूण, एक मिरची. फोडणी जरा निवू द्या आणि मग ताक ओता. कडकडीत फोडणीवर थंड ताक ओतलं की ते तिथेच फुटतं.

आच मध्यम ठेवा आणि ढवळत राहा. कढीला उकळी फुटू द्यायची नाही. कडेने बुडबुडे आले, वर फेस चढायला लागला की उतरवा. बेसन घातलं असल्यामुळे ती थोडं सांभाळून घेते, पण ढवळणं सोडून तुम्ही फोनवर बोलायला गेलात तर दही-पाणी वेगळं होणार. मीठ उतरवल्यावर घाला. ताक फार आंबट असेल तर वाटीभर पाणी वाढवा.

गोठ्यात जनावर आटलं असेल आणि घरात ताकच नसेल तर चिंचेचं सार करा. लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढायचा, चार वाट्या पाणी, गूळ, मीठ, तिखट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी आणि एक उकळी. माझ्या वडिलांना कढीपेक्षा सारच आवडतं.

8. गोळा शिजला का ते बघा

पंधरा मिनिटांनी आच बंद करा आणि झाकण न काढता आणखी दहा मिनिटं मुरू द्या. मग मधला एक गोळा, कडेचा नाही, बाहेर काढून फोडा. आत-बाहेर एकच रंग आणि बारीक जाळी दिसली, कण सुटे झाले की शिजला. मधे फिकट, कोरडी भुकटी दिसली किंवा दाताला चिकटलं तर कच्चा आहे. कडेने अर्धी वाटी आंधण सोडून पुन्हा आठ मिनिटं मंद आचेवर ठेवा. कच्चा चणा रात्री पोटात दुखवतो, म्हाताऱ्या माणसांना तर फारच. इथे घाई करू नका.

9. वरचं तेल

हे नसेल तर गोळाभात कोरडा लागतो, म्हणून तेल वाचवायला जाऊ नका. अर्धी वाटी तेल चांगलं तापवा. मोहरी टाका, ती पूर्ण तडतडू द्या. आता गॅस बंद करा. त्यानंतर लसणाचे काप, मग वाळलेल्या मिरच्यांचे तुकडे, सगळ्यात शेवटी हिंग. गॅस चालू ठेवून मिरची टाकली की ती डोळ्यांदेखत काळी होते. हे काम पोरांना लांब बसवूनच करा, मोहरी उडते.

आमच्याकडे पूर्वी यासाठी जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल असायचं. आता रोज सोयाबीनचं येतं, त्यावरही होतं. घाणीचं शेंगदाणा तेल थोडं ठेवलेलं असेल तर ते या कामासाठी राखा.

10. वाढणं

ताटात भात, त्यावर दोन गोळे हाताने कुस्करायचे, त्यावर चमचाभर गरम तेल मिरचीच्या तुकड्यासकट. बाजूला ठेचा, फोडलेला कांदा, वाटीत कढी. डब्यात उडदाचे पापड किंवा उन्हाळ्यातल्या कुरड्या असतील तर भाजा, तळा, जे जमेल ते. दात नसलेल्या माणसाचा गोळा आधीच कुस्करून कढीत भिजवून ठेवा. प्लास्टर असताना आई डाव्या हाताने जेवायची, तिला पोळी तोडता येत नव्हती, भाकर तर नाहीच. गोळाभात तिला चमच्याने एकटीला खाता यायचा. भरवलेलं तिला आवडायचं नाही. म्हणून त्या दीड महिन्यात मी तो आठवड्यातून दोनदा करायचो.

मिठाबद्दल एक सूचना

मीठ चार ठिकाणी पडतं, गोळ्यांत, भातात, ठेच्यात आणि कढीत. प्रत्येक वेळी चव घेऊन बरोबर वाटेल एवढं घातलं तर ताटात एकत्र आल्यावर सगळं खारट लागतं. भातात कमी ठेवा.

एखादी वस्तू नसेल तर

बेसन आणि भरडा दोन्ही संपले असतील तर चण्याची डाळ तीन-चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून पाट्यावर जाडसर वाटा. तूरडाळ असेल तर दोन तास पुरतात. त्यात मग पाणी घालायचं नाही, मोहन आणि मसाला तोच. खरं सांगायचं तर हे गोळे भरड्यापेक्षा मऊ होतात, पण दुपारीच आठवण ठेवावी लागते.

तांदूळ नसेल आणि ज्वारी असेल तर कण्या शिजवा. ज्वारीचा भरडा चाळून वरच्या कण्या घ्यायच्या, एका वाटीला साडेचार-पाच वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर अर्धा तास, मधून मधून ढवळत. याच कढीबरोबर किंवा नुसत्या ताकाबरोबर छान लागतात.

मुंगवड्या किंवा सांडगे असतील तर तेलात लाल परतून, कांदा-लसणाच्या रश्श्यात वीस मिनिटं उकळा, भाताबरोबर होतात. तूरडाळीचं वरण करणार असाल तर चिंच आणि टमाटर डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की डाळ टणक राहते. विहिरीचं पाणी जड असेल तरीही डाळ शिजत नाही, तेव्हा प्यायचं गोडं पाणी वापरा आणि डाळ तासभर भिजवा.

उरलं तर

उन्हाळ्यात फ्रिजशिवाय भात रात्रभर ठेवू नका, सकाळपर्यंत तो आंबतो आणि त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. उरेल असं दिसलं तर रात्रीच शेजारी द्या किंवा गुराच्या टोपल्यात टाका. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, ताटाने झाकून गार जागी ठेवलेला सकाळपर्यंत सहसा टिकतो. तरी आधी वास घ्या, बोटाला तार आली तर टाकून द्या. चांगला असेल तर गोळे बारीक चुरा, कढईत तेल, मोहरी, उरलेला कांदा, दोन चमचे ठेचा घाला आणि भात त्यात पाणी शिंपडून वाफ येईपर्यंत परता. वेचणीला जाणाऱ्या माणसाच्या डब्यात हा देता येतो. बायको तो डबा दुपारी धुऱ्यावर (बांधावर) बसून खाते आणि संध्याकाळी रिकामा आणते, म्हणून मी थंडीत दोन गोळे मुद्दाम जास्त वळतो.